परक्या माणसाचे फोन

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मार्च संपत आला होता आणि मी गच्चीवर कुरडया घालत होते, तेव्हा तो फोन आला. बोलणारा माणूस अदबीने बोलत होता. मी कोणत्या आश्रमशाळेत होते, किती वर्षं होते, हे त्यानेच मला सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, तुम्हाला तिकडची डोंगरातली बोली चांगली येते ना?"

"येते म्हणजे काय, माझी भाषाच ती," मी म्हणाले.

"मग एक काम होतं. देशाचंच काम समजा."

देशाचं काम म्हटल्यावर मला जनगणना आठवली, मतदारयाद्या आठवल्या. शिक्षकाला आयुष्यभर देशाचं काम म्हणजे उन्हात दारोदार फिरून रकाने भरणं. ह्या वयात पुन्हा हिंडायला लागणार नसेल तर येते, असं मी सांगितलं. तो हसला. "नाही नाही, तुम्हाला फक्त बसून ऐकायचंय."

मी पेठ तालुक्याच्या पलीकडच्या डोंगरातली. वडिलांची भाताची आणि नागलीची शेती होती, आता भाऊ करतो. मी शिकले, तिकडच्याच आश्रमशाळेत लागले, आठवडाभर शाळा आणि रविवारी नाशिक असं करत नोकरी काढली. यजमान नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात होते. आता आम्ही दोघं इंदिरानगरला राहतो. इथे शेजारणींशी मी जी मराठी बोलते ती पुस्तकातली. माझ्या स्वतःच्या भाषेला ह्या शहरात काही काम नाही, हे मी कधीच धरून चालले होते. त्यामुळे तिच्यासाठी कुणीतरी मला बोलावतंय ह्याचा मला आनंद झाला. पुढे जे झालं त्यानंतर हे लिहायला लाज वाटते, पण आनंद झाला होता.

ते कार्यालय एका साध्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली दवाखाना, वर हे. दारावर पाटी नव्हती. साहेब पस्तिशीतले असावेत, साध्या शर्टात होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि एक कागद पुढे केला. इथे जे ऐकाल ते बाहेर कुणाला सांगणार नाही, असं त्यावर होतं. मी सही केली. म्हणूनच इथे मी कुणाचं नाव, पाडा, कार्यालयाचा पत्ता काही लिहीत नाही. एवढं पाळून मी सही पाळते आहे, की एवढंही लिहून ती मोडते आहे, मला कळत नाही.

मग त्यांनी काम सांगितलं. एका माणसाच्या फोनवरचं बोलणं टिपलेलं होतं. तो सिन्नरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता, घर डोंगरात पाड्यावर. घरच्यांशी तो आमच्या बोलीत बोलायचा आणि ती तिथल्या कुणालाच कळत नव्हती. मी ऐकायचं आणि साध्या मराठीत लिहून द्यायचं.

मी घुटमळले. "हे कायद्याने चालतं ना?"

"अर्थात. वरून मंजुरी असते. त्याशिवाय आम्हाला एक बटण दाबता येत नाही."

"ती मंजुरी बघायला मिळेल?"

"ती गोपनीय असते, मॅडम." ते रागावले नाहीत. उलट मी विचारलं हे त्यांना आवडल्यासारखं दिसलं. "मागच्या वर्षी तिकडे वनखात्याची चौकी जळाली, ठाऊक असेल तुम्हाला."

मला ठाऊक होती. त्या चौकीतल्या पहारेकऱ्याचे दोन्ही हात भाजले होते. तो माझ्या शाळेत शिकलेला. मी त्याला सरकारी दवाखान्यात भेटायला गेले होते, तेव्हा त्याची बायको त्याला चमच्याने भात भरवत होती आणि मला बघून त्याने तोंड फिरवलं होतं. चौकी कुणी लावली, की वणव्यात गेली, हे कुणालाच कळलेलं नव्हतं.

"पुन्हा तसं व्हायला नको," साहेब म्हणाले. "एवढंच आमचं म्हणणं."

माझंही म्हणणं तेच होतं. मी कानाला यंत्र लावलं.

पहिलं बोलणं त्याच्या आईशी होतं. फोनला रेंज मिळावी म्हणून ती टेकडीवर चढून आली होती, आधी बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "पोसा, जेवलास का?" आमच्यात मुलाला पोसा म्हणतात. मी वहीत लिहिलं, 'मुला, जेवलास का?' ते खोडून 'बाळा' केलं. तेही बरोबर वाटेना. माझी आई मला ज्या आवाजात हाक मारायची तो आवाज दोन्ही शब्दांत नव्हता. शेवटी 'मुला'च ठेवलं.

वहीत तीन रकाने होते. वेळ, कोण बोललं, काय बोललं. मी रोज अकरा ते चार बसायचे. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, एक अशक्त आहे. आईचा उजवा गुडघा सुजला, बिब्बा लावला तर कातडं भाजलं. वनजमीन नावावर व्हावी म्हणून केलेल्या पट्ट्याच्या अर्जाला अजून सही नाही. मामा दारू पिऊन ओढ्यात पडला होता, पण बरा आहे. कंपनीत रात्रपाळी लागली. मधेमधे मोर्चाचंही बोलणं असायचं, पट्ट्याच्या मागणीसाठी तालुक्याला कोण कोण जाणार, किती जीप लागतील. तिथे साहेब खाली रेघ मारायचे. मला त्यात रेघ मारण्यासारखं काही दिसत नव्हतं, पण गुडघ्यात आणि मोर्चात फरक आहे हे मलाही समजत होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन होता. ती बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, सहावा महिना. तिने सांगितलं की पोटातलं गेलं. काल गेलं, दवाखान्यात. तिचा आवाज अगदी कोरडा होता, भाव सांगावा तसा. तो मग रडायला लागला. पुरुष माणूस एकटा असला की कसा रडतो ते मी आयुष्यात त्याआधी ऐकलं नव्हतं. तिने पलीकडून फोन ठेवला नाही.

मी वहीत लिहिलं, 'रडतो.'

संध्याकाळी साहेबांनी वही तपासली. "मॅडम, इथे नुसतं 'रडतो' आहे. किती वेळ ते टाका. नाहीतर वरचे विचारतात, मधलं काही गाळलं का."

त्यांचं बरोबरच होतं. नंतर कुणी मागे फिरून तपासलं तर माझ्याकडून काही राहिलेलं दिसू नये. म्हणून मी ते पुन्हा ऐकलं, ह्या वेळी घड्याळ हातात धरून, आणि लिहिलं, 'रडतो. एक मिनिट चाळीस सेकंद.'

त्या दिवशी घरी येऊन मी भाकरी थापायला घेतली आणि तव्यावर टाकायची विसरले. यजमानांनी विचारलं, "काय ऐकायला लावतात गं तुला तिथे?"

"सांगता येत नाही. सही केलीय."

"मग निम्मं सांग."

मी निम्मं सांगितलं. माणूस कोण ते नाही, नुसतं काम काय ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमची नाही का रोज झडती व्हायची? सुटताना दोन्ही हात वर करून उभं राहायचं. पहिला आठवडा लाज वाटली, मग काही नाही. नोटा छापायच्या तर ते लागणारच. कुणाच्या मनात पाप नसेल तर झडतीचं भय कसलं?"

"पण तुमची झडती होते हे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले. "तुम्ही नोकरी घेतली तेव्हाच ते मान्य केलं होतं. ह्याला कुणी विचारलेलं नाही."

"आता विचारून कसं ऐकणार? उद्यापासून तुझं ऐकतो आहे बाबा, नीट बोल, असं सांगायचं?"

मी भाकरी तव्यावर टाकली.

जेवणं झाल्यावर मी कपाटातून जुनं पुस्तक काढलं. सातवीच्या मुलांना मी संविधान शिकवायचे. मूलभूत हक्कांचा धडा मला तोंडपाठ होता, तरी वाचला. स्वातंत्र्य अमर्याद नाही, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. हे वाक्य मी मुलांकडून म्हणून घ्यायचे. एकदा एका मुलीने विचारलं होतं, "बाई, वाजवी म्हणजे किती?" मी तिला सांगितलं होतं, "जेवढं गरजेचं तेवढं." ती वहीत उत्तर लिहून मोकळी झाली होती. आता मी तोच धडा दोनदा वाचला आणि मला वाटलं, तिला मी उत्तर दिलंच नव्हतं, एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला होता.

तरी दुसऱ्या दिवशी मी गेले. का गेले, हे लोकांनी विचारलं असतं तर पहारेकऱ्याचे हात सांगितले असते. पण खरं म्हणजे, त्या पाड्यावरच्या अशक्त पिल्लाचं काय झालं हे मला जाणून घ्यायचं होतं. ते जगलं.

मग तो फोन आला. म्हणजे ऐकण्यात आला, बोलणं आदल्या दिवशीचं होतं. तो त्याच्या मेहुण्याशी बोलत होता. म्हणाला, "मी रविवारी येतो. चौकीमागचं पेटवायचं राहिलंय. चार जणांना सांगून ठेव. दुपारनंतर, वारा पडला की लावू." मेहुणा म्हणाला, "रॉकेल आणू का?" तो म्हणाला, "कशाला? पाला चांगला सुकलाय, एका काडीत घेईल."

पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, शब्दाला शब्द लिहा, तुमचं मत नको. मी शब्दाला शब्द लिहिलं. साहेबांनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं.

"चौकीमागचं पेटवायचं. असंच म्हणतो?"

"हो."

"कोणती चौकी?"

"ते सांगत नाही."

"आणि रॉकेल लागणार नाही म्हणतो."

"पाला सुकलाय म्हणतो."

ते वही घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मी बसून राहिले. शिपायाने चहा आणून दिला. माझ्या मनात एक शब्द घोळत होता, पण तो मी बाहेर काढला नाही. एक तर मत नको म्हणून बजावलेलं. दुसरं, मला त्या क्षणी खरंच खात्री नव्हती. डोळ्यांसमोर तो चमच्याने खाणारा पहारेकरी होता. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

घरी पोचेपर्यंत मात्र मला कळून चुकलं होतं. तो राबाबद्दल बोलत होता. आमच्याकडे भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात पाला, फांद्या, शेण पसरतात आणि पेटवतात. तण मरतं, राख जमिनीत जाते, रोप जोमाने येतं. त्याला राब म्हणतात. माझ्या वडिलांनी दरवर्षी केला, भाऊ दरवर्षी करतो. बोलताना कुणी 'राब' म्हणत नाही, नुसतं 'पेटवायचं' म्हणतात, जसं शहरात 'टाकी भरायची' म्हटल्यावर कुणी पाण्याची असं सांगत नाही. वारा पडल्यावर लावायचा, कारण आग पसरू नये. चार माणसं लागतात ती हातात ओल्या फांद्या घेऊन कडेला उभी राहायला. आणि चौकीच्या मागे त्याचा रोपाचा तुकडा असणार, दुसरं काय?

रात्रभर मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी कार्यालय उघडायच्या आधी जाऊन जिन्यात उभी राहिले.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. राब म्हणजे काय ते मी त्यांना फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. ते म्हणाले, "तुमची शंभर टक्के खात्री आहे?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेलं. "नव्वद," मी म्हणाले.

"मग उरलेल्या दहाचं मी काय करू, मॅडम? रविवारी तिथे काही झालं, कुणी जळालं, तर मी त्याच्या घरच्यांना काय सांगू? की बाईंनी सांगितलं होतं शेतीचं आहे?"

त्यांच्या चेहऱ्यावर आढ्यता नव्हती. ते खरोखर मला विचारत होते. मी म्हणाले, "मला हे लिहून देऊ द्या."

"द्या ना. मी जोडतो."

मी एक पान भरून लिहिलं. त्यांनी ते माझ्यासमोर टाचणीने वहीतल्या त्या पानाला लावलं, पण मूळ मजकूर काल संध्याकाळीच पुढे गेला होता, हेही सांगितलं. पुढच्या आठवड्यात माझं काम संपलं. साहेबांनी दारापर्यंत येऊन नमस्कार केला.

नंतर काय झालं ते मला सात-आठ महिने कळलं नाही. वर्तमानपत्रात रोज शोधायचे, काही नव्हतं. भावाला फोनवर विचारायची हिंमत होत नव्हती. फोन हातात घेतला की वाटायचं, आपलं बोलणंही कुणी वहीत उतरवत असेल का, आणि उतरवणाऱ्याला आमच्या घरातले शब्द कळत असतील का.

डिसेंबरात भावाच्या नातीचं बारसं होतं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार होता. भावजयीने लसूण आणि तेल सांगितलं होतं. रस्त्याच्या कडेला बायका उडीद, खुरासणी घेऊन बसल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "जरा माझ्या ढिगाकडे बघ गं, मी पाणी पिऊन येते," आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आवाज पंधरा दिवस कानात होता.

ती परत आली, तेव्हा मी तिच्यासमोर उकिडवी बसले होते. उगाच उडीद हातात घेतले. ती खाली बसताना जमिनीला हात टेकवून बसली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडघा कसा आहे आता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरा आहे. तुला कुणी सांगितलं, बाई?"

"तुम्ही बसताना दिसलं," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली. मग उडदाचा ढीग सारखा करत म्हणाली, "पण 'आता' म्हणालीस."

मी उडीद घेतले, पिशवीत टाकले आणि उठले. भाऊ पलीकडे जीपच्या रांगेत उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. घरी परतताना शेवटचा टप्पा पायी होता, तिथे त्याने विचारलं, तू त्या म्हातारीला कशी ओळखतेस. मी त्याला सांगितलं. सही, साहेब, वही, सगळं. तो आमच्या बोलीत बोलत होता, मी इथे मराठीत लिहिते आहे, आणि लिहिताना आता माझा माझ्यावर फार भरवसा नाही.

तो म्हणाला, "त्या रविवारी त्यांना उचललं. त्याला, मेहुण्याला आणि अजून चौघांना. हातात ओल्या फांद्या होत्या त्यांच्या. दोन दिवस ठेवलं, विचारलं, सोडून दिलं. मारलं नाही. बायांनीच मग राब भाजला."

"सुटले ना पण."

"सुटले. पण सिन्नरला ठेकेदाराने त्याला परत घेतला नाही. चौकशी झालेला माणूस नको म्हणाला. आता घरीच असतो."

आम्ही बरंच चाललो. मग तो म्हणाला, "म्हणजे तो पकडला गेला तुझ्या लिहिण्याने, आणि सुटला तुझ्या चिठ्ठीने?"

"मला माहीत नाही."

"मग तुला शिव्या द्यायच्या की पाया पडायचं?"

तो हे चिडून बोलला नाही. त्याला खरंच समजत नव्हतं. मी विचारलं, "त्याला सांगू का?"

"नको," तो म्हणाला. दहा पावलांवर पुन्हा म्हणाला, "नाहीतर सांग. उद्या म्हातारी त्याला गुडघ्याचं सांगेलच."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाड्यावर गेले. तो अंगणात बसून बांबूच्या पट्ट्या काढत होता. फोनवरच्या आवाजावरून मी त्याला थोराड समजले होते, तो किरकोळ अंगाचा निघाला. मी अमक्याची बहीण म्हटल्यावर त्याने खाट टाकली, पाणी दिलं. आई रानात गेलेली होती आणि बायको आत होती. मी उभ्यानेच सांगितलं. चौकीचं, राबाचं, मी शब्दाला शब्द लिहिलं ते, आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी दिली ते. मला वाटत होतं तो विचारेल की कशाला लिहिलंस, की सही कशाला केलीस. मी त्याची उत्तरं वाटेत जमवून ठेवली होती.

त्याने हातातला कोयता खाली ठेवला. "किती दिवस ऐकलंत?"

"पंधरा."

"कोणत्या महिन्यात?"

मी सांगितलं. त्याने मनात काहीतरी मोजलं. मग आत कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "दवाखान्याचा फोन होता, तोपण?"

मी मान हलवली.

"तेव्हा मी…" तो थांबला. "तेपण लिहिलंत?"

"लिहिलं," मी म्हणाले. किती सेकंद ते मी त्याला सांगितलं नाही.

चौकशीबद्दल, नोकरीबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. शेवटी म्हणाला, "आईला माहीत नाही मी रडलो ते. कुणालाच नाही. हिच्या आणि माझ्यातलं होतं ते." मग त्याने कोयता उचलला आणि बांबूला लावला. मी निघाले. अंगणाच्या कडेला दोन शेळ्या बांधल्या होत्या. त्यांच्याकडे मी बघितलं नाही.

नाशिकला येऊन महिना झाला असेल, साहेबांचा पुन्हा फोन. दुसरं काही ऐकायचं होतं, दुसऱ्या कुणाचं. मी म्हणाले, माझे कान आता काम देत नाहीत. हे खोटं होतं. ते म्हणाले, "हरकत नाही, मॅडम. एक निवृत्त हवालदार आहेत, त्यांची नोकरी तिकडे झालीय. त्यांना थोडी थोडी समजते म्हणतात."

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं चहा होईपर्यंत टिकलं. यजमान म्हणाले, "नाही म्हणालीस ते चांगलं केलंस." मी म्हणाले, "चांगलं कसं? ऐकणं थांबलं नाही, फक्त ऐकणाऱ्याला आता थोडी थोडी समजते." ते म्हणाले, "मग जा." मी म्हणाले, "जाऊन पुन्हा कुणाचं रडणं मोजू?" ते चिडले. "तुला नक्की काय हवंय?"

काय हवंय ते मला माहीत असतं तर सांगितलं असतं. पहारेकऱ्याचे हात भाजायला नको होते. त्या माणसाचं दुःख त्याच्या घरात राहायला हवं होतं. दोन्ही एकदम कसं होईल, हे सातवीच्या पुस्तकात नव्हतं.

दोन दिवस विचार करून मी एक गोष्ट केली. शाळेची जुनी रेघांची वही काढली आणि आमच्या बोलण्यात येणारे, परक्या माणसाला भलतेच वाटतील असे शब्द लिहायला बसले. विहिरीला बार लावायचा म्हणजे खडक फोडायचा. औषध मारायचं म्हणजे द्राक्षावर फवारणी. कापायला माणसं पाहिजेत म्हणजे भात कापायला मजूर. लिहिता लिहिता दहा पानं झाली. एवढे धोक्याचे शब्द आम्ही रोज बोलतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मध्येच वाटलं, ही वही त्यांना वाचवायला लिहिते आहे, की ऐकणाऱ्यांचं काम सोपं करून देते आहे? पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

यजमानांनी मला स्कूटरवर तिथे सोडलं आणि खाली थांबले. साहेबांनी वही चाळली, दोन-तीन ठिकाणी थांबून वाचली, एका शब्दाला हसलेही. "हे फार उपयोगी पडेल आम्हाला," ते म्हणाले. त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं.

"कुणाला सोडायला उपयोगी पडेल ना?" मी विचारलं.

"ते ज्याच्या त्याच्या बोलण्यावर आहे, मॅडम," ते म्हणाले आणि वही टेबलाच्या खणात ठेवली.

मी जिना उतरले. खाली दवाखान्याच्या बाकावर यजमान वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी विचारलं, "घेतली का वही?"

"घेतली."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि स्कूटर काढायला गेले. मी त्यांच्या मागे बसले. मुंबई नाका येईपर्यंत मी तीनदा ठरवलं की परत जाऊन वही मागून आणावी, आणि तीनदा ठरवलं की राहू द्यावी.